अमळनेरजवळच्या शाळेचं तीन दिवसांचं शिबिर: डोंगर चढायचा आहे, ज्वालामुखीच्या खुणाही दाखवायच्या आहेत. जागा सुचवा

फळा_खडू

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आठवी-नववीची ४२ मुलं घेऊन शिबिर काढायचं ठरलंय. तीन दिवस, दोन रात्री. सोबत आम्ही चार शिक्षक.

निमित्त वर्गातलंच. ज्वालामुखीचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्याकडे कधी होता का ज्वालामुखी?" मी म्हटलं, अगं, तू बसली आहेस त्या जमिनीखाली सगळा लाव्हाच आहे. सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. त्या दिवसापासून मनात आहे की हे मुलांना डोळ्यांनी दाखवायचं, हाताला लागू द्यायचं.

एक दिवस तरी खरी चढाई हवी, नुसतं बसमधून बघणं नको. कापसाचे पैसे हाती आले असले तरी घरटी १२०० रुपयांच्या वर मागायला मला जड जातं, त्यामुळे लांबचं सुचवू नका. जाणकारांनी सांगावं.

तापीकाठ

मॅडम, लोणार! एवढं मोठं ज्वालामुखीचं तोंड दुसरीकडे कुठे मिळणार? आम्ही कॉलेजात असताना गेलो होतो, अजून विसरलो नाही.

जुना_भूगोलवाला

तापीकाठ, लोणार बघावंच, पण ज्वालामुखी म्हणून मुलांना दाखवू नका. एके काळी तसा समज होता, आजही पुष्कळांचा आहे. ते विवर अशनी आदळून झालंय, व्यास साधारण १.८ किलोमीटर. आपटण्याच्या दाबाने काचेसारखे झालेले खनिजकण तिथल्या दगडात सापडले, तेव्हा वाद मिटला. अशनी आदळला तो मात्र आपल्याच काळ्या दगडावर. शिवाय अमळनेरहून ते लांब पडतं, तीन दिवसांतला बराच वेळ बसमध्येच जाईल.

मॅडम, एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाही. पुस्तकातल्या चित्रासारखा तोंडातून धूर सोडणारा शंकूचा डोंगर खान्देशात शोधू नका. आपल्याकडे लाव्हा बहुतेक लांबच लांब भेगांतून वर आला आणि पुरासारखा पसरला. हे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. एक थर निवला की त्यावर दुसरा, मग तिसरा. म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगाला पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या लाव्ह्याच्या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय. आज उरलेला पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे.

आता खान्देशचं खास. ज्या भेगांतून लाव्हा वर यायचा, त्यातच तो थिजला की दगडाची उभी भिंत तयार होते. तिला डाइक म्हणतात. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अशा भिंती दोनशेहून जास्त आहेत, काही तर कित्येक किलोमीटर लांब, बहुतेक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या. आजूबाजूचा दगड झिजला आणि त्या उघड्या पडल्या. कुणीतरी मुद्दाम रचलेल्या तटासारख्या माळावर उभ्या असतात आणि आपण रोज त्यांच्या शेजारून एसटीने जातो. मला विचाराल तर तुमचा ज्वालामुखी हाच. त्याचं तोंड बघायला मिळणार नाही, पण त्याचा घसा बघायला मिळेल.

वावरातला_माणूस

जुना_भूगोलवाला सरांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं, कारण आमच्या वावरातून अशीच एक भिंत जाते. धुळे तालुका, चाळीसगाव रस्त्याच्या आतल्या बाजूला. आजोबांनी भिंतीच्या वरच्या अंगाला विहीर खोदली, तिला एप्रिलपर्यंत पाणी असतं. चुलत्यांनी खालच्या अंगाला खोदली, अंतर शे-दीडशे पावलं. ती संक्रांतीलाच कोरडी. लोक देवाचा कोप म्हणायचे. भिंत जमिनीखालून येणारं पाणी अडवते हे आम्हाला एका भूजलवाल्या साहेबांनी समजावलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आणि विहिरीत काय दिसतं ते सांगतो. वर माती, खाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मग घण बसत नाही असा काळा पाषाण. त्याच्या खाली वीतभर लाल गेरूचा पट्टा, आणि परत मांजऱ्या. पोरांना वरून दाखवलं तरी कळेल.

फळा_खडू

दादा, हे तर पाठ्यपुस्तकात नाही! भूगोलवाले सर, तो लाल पट्टा कशाचा?

जुना_भूगोलवाला

दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळाचा. एक थर निवल्यावर बराच काळ काही आलं नाही, ऊन-पावसाने वरचा भाग कुजून माती झाली. मग पुढचा लाव्हा त्यावर आला आणि माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघाली. मांजऱ्याचंही तसंच. लाव्ह्यातली हवा वर वर सरकते आणि ढोकळ्यासारखी जाळी पडते, म्हणून थराच्या माथ्याला भोकं आणि पोटात घट्ट दगड. मुलांना एवढं कळलं की कुठल्याही कड्यासमोर उभी राहून ती थर मोजू शकतील. त्या भोकांत पुढे पाण्यातून खनिजं साठली, त्याच आपल्या पांढऱ्या-हिरव्या गारगोट्या. जळगाव भागातल्या झिओलाइटच्या गारगोट्या जगभरच्या संग्रहालयांत मांडल्या आहेत.

गौताळा_पायवाट

मी चाळीसगावचा, गेली पंधरा वर्षं शनिवार-रविवार डोंगरात असतो. तुमच्यासाठी पाटणादेवी. दुसरं नाव घेऊ नका.

चाळीसगावहून १८ किलोमीटर. मुक्काम जंगलात करू नका. गौताळा अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे आणि ४२ मुलांची रात्रीची जबाबदारी चार जणांना झेपणारी नाही. चाळीसगावातल्या एखाद्या शाळेशी बोला, सुट्टीत हॉल मिळतो. एसटीची शालेय सहलीची सवलत घ्या आणि वनविभागाला लेखी पत्र आधीच द्या.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून चंडिकादेवीचं देऊळ आणि कन्हेरगड. गड लहान आहे, मुलांचे पाय मोकळे होतात. वाटेत नागार्जुन लेणं आणि सीतान्हाणी. वर गेल्यावर मुलांना पाच मिनिटं गप्प बसवा आणि समोरच्या डोंगरांचे थर मोजायला सांगा.

दुसरा दिवस पितळखोऱ्याच्या लेण्यांचा. पाटणादेवीकडून जंगलातून वर चढत जायचं. वाट फसवी आहे, गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. ही लेणी इसवी सनापूर्वीची, अजिंठ्याच्या जुन्या लेण्यांच्या बरोबरीची, पण पडझड फार. आणि तुमच्या शिबिराला नेमकी तीच पडझड उपयोगी आहे. खडक ठिसूळ, पाणी मुरणारा, त्यामुळे कोरीवकाम टिकलं नाही. दगडाचा स्वभाव न ओळखता कोरलं तर काय होतं हे तिथे मुलांना सांगावं लागत नाही.

गणिताचे शिक्षक सोबत असतील तर त्यांनाही काम आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख इथलाच. 'सिद्धान्तशिरोमणी'चं नाव त्यात आहे.

दोन_लेकरांची_आई

फळा_खडू ताई, मी पालक म्हणून विचारते. मुली किती आहेत? सोबत बाई शिक्षिका किती? दुसऱ्या दिवशी जंगलात दिवसभर मुलींची सोय काय? माझी लेक मागच्या वर्षी एका सहलीहून आली ती पोटात दुखतंय म्हणत. दिवसभर पाणीच प्यायली नव्हती, कारण कुठे जायला जागा नव्हती. हे कुणी बोलत नाही, म्हणून लिहिलं.

फळा_खडू

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. १९ मुली आहेत, आम्ही बायका दोघी. आता तिसरी बाई घेतेच, मुख्याध्यापकांशी आजच बोलते. गौताळा_पायवाट, पितळखोऱ्याच्या वाटेवर काय करता येईल?

गौताळा_पायवाट

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं, ताई. निघण्याआधी पाटणादेवीला सोय आहे. वाटेसाठी एक हलका कापडी तंबू आणि छोटं खुरपं घ्या, ओढ्यापासून लांब आडोसा करा. मुली आणि दोन शिक्षिका मागच्या तुकडीत, एकत्र. पाणी माणशी दोन लिटर, आणि दर थांब्यावर प्यायला लावायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. एका सहलीत मोठ्याने स्पीकर लावला होता, माशा उठल्या, सात मुलं सुजली. मी तिथे होतो, पोरांच्या अंगावर चादरी टाकत पळत होतो. स्पीकर नाही, शिट्ट्या नाहीत, अत्तर नाही, धूर नाही, दगड मारणं तर नाहीच. एखाद्या मुलाला माशी चावल्यावर अंगभर सूज किंवा दम लागत असेल तर ते आधी पालकांकडून लिहून घ्या, अशा मुलाला खाली देवळापाशीच थांबवा.

तापीकाठ

लोणारबद्दल माझी चूक होती, समजली. मग उनपदेव कसं? गरम पाण्याचा झरा म्हणजे ज्वालामुखीच ना? नाहीतर तोरणमाळ.

जुना_भूगोलवाला

उनपदेवची उष्णता ज्वालामुखीची नव्हे. लाव्हा कधीच निवला. जमिनीत खोल जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन मोठ्या भेगांनी तुटलेली आहे, म्हणून अडावदजवळ उनपदेव आणि तिकडे शहाद्याकडेही उनपदेव. मुलांना नक्की दाखवा, पण आधी मोठ्या माणसाने हात घालून बघावा.

तोरणमाळ साडेतीन हजार फुटांच्या वर, जागा सुंदर, सातपायरी घाट तर बघत राहावा असा. पण तुमच्याकडून प्रवास मोठा आणि डिसेंबरात रात्रीची थंडी कडक. तिथे जायचं तर तीन दिवस तिथलेच ठेवा, बाकी काही जोडू नका.

फळा_खडू

ठरलं. पहिला दिवस कन्हेरगड, दुसरा पितळखोरा, तिसऱ्या दिवशी धुळ्यामार्गे परत. उनपदेव फेब्रुवारीत एका दिवसात करू, चोपडा आम्हाला जवळच. वावरातले दादा, तिसऱ्या दिवशी तुमच्या वावरातली भिंत आणि विहीर दाखवाल का? आणि सर, हातोडी न्यावी का? मुलं दगड फोडून बघायला उतावीळ आहेत.

जुना_भूगोलवाला

अभयारण्यात आणि लेण्यात एक खडाही उचलायचा नाही. हातोडी वावरात चालेल, दादांची परवानगी असेल तर, डोळ्यांना चष्मा लावून. पाच-सहा भिंगं न्या. भिंतीच्या कडेचा तुकडा आणि मधला तुकडा शेजारी ठेवायला सांगा. कड लवकर निवली म्हणून तिचा कण बारीक, मध्य सावकाश निवला म्हणून भरड. भिंतीत आडवे खांब सरपणासारखे रचलेले दिसले तर तेही चितारून घ्या.

वावरातला_माणूस

मॅडम, ह्यात विचारायचं काय? पोरेसले लई या. आमना वावरमा दगड म्हणशात तितला शे. विहिरीला कठडा एकाच बाजूने आहे, त्या आधी बाकीच्या बाजूंना बल्ल्या बांधून घेतो, आणि एका वेळी पाचच पोरं कडेला. दुपारचं जेवण आमच्याकडे, कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा. ४२ पोरं आणि तुम्ही पाच, बरोबर? तिखट न खाणारी किती तेवढं आदल्या दिवशी कळवा, म्हणजे घरच्यांना त्यांचं भरीत वेगळं काढायला सांगतो.