चाळिशीतला बेसबॉलपटू होम रन मारतोय म्हणजे स्टेरॉइडच का?

रानवारा:
२००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जायंट्सची बेसबॉल मॅच बघितली होती, त्यांचा बॅरी बॉण्ड्स तेव्हा चाळिशीला टेकलेला. तो बॅट घेऊन उभा राहिला की समोरचे मुद्दाम बाहेर बॉल टाकून त्याला फुकटात पहिल्या बेसवर जाऊ द्यायचे (असं फुकट जाणं म्हणजे वॉक) आणि दर वॉकला लोक कठड्यावर एकेक रबरी कोंबडी टांगायचे, भित्रे आहात म्हणून. त्या एका सीझनला २३२ वॉक! मागे खाडीत होड्या घेऊन लोक होम रनचा, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेला, बॉल पडायची वाट बघत बसलेले. अंगावर काटा आला होता, अजून येतो. म्हणून विचारतो, वय झालं तरी चांगला खेळतोय एवढ्यावरून माणसाला चोर ठरवायचं का? बॉण्ड्सच्या आधी कारकिर्दीतल्या होम रनचा रेकॉर्ड ज्याच्या नावावर होता त्या हॅन्क आरनने एका सीझनमधले त्याचे सगळ्यात जास्त म्हणजे ४७ होम रन मारले ते १९७१ ला, ३७ वर्षांचा असताना.

मीनल_डी:
आरनचं उदाहरण इथे लागू होत नाही हो. त्याची टीम १९६६ ला मिलवॉकीहून अटलांटाला गेली, तिथलं मैदान उंचावर, बॉल इतका उडायचा की लोक त्याला लाँचिंग पॅड म्हणायचे. म्हणजे कारण डोळ्यांना दिसतं. बॉण्ड्सचं नेमकं उलटं, तो डावखुरा आणि जायंट्सचं २००० ला उघडलेलं मैदान डावखुऱ्यांना होम रनसाठी अवघड, उजवीकडे उंच भिंत, वर खाडीचा गार वारा, आणि तरी २००१ मध्ये हा ७३ मारतो, त्याआधी कधी ४९ च्या वर गेला नव्हता. पुढे बॅल्को (खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणारी कंपनी) प्रकरण निघालं तेव्हा ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) बॉण्ड्स म्हणाला की ट्रेनरने दिलं ते मला जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम वाटलं. ज्याचं पोट शरीरावर चालतं तो अंगाला काय लावतोय हे विचारत नाही? मला नाही पटत.

डॉक_सातारा:
स्टेरॉइड घेतलं की बॉल आपोआप लांब जातो असं नाही, नजर आणि टायमिंग इंजेक्शनमधून येत नाही. पण सहा महिन्यांत १६२ मॅचेस, आणि पस्तिशीनंतर स्नायूंची झीज लवकर भरून येत नाही. हे औषध तिथे काम करतं, आज जड वजनं उचलली तर उद्या परत उचलता येतात. म्हणून मोह तरण्या पोरापेक्षा उतरत्या वयाच्या खेळाडूला जास्त. राफाएल पाल्मेरोने मार्च २००५ ला अमेरिकन संसदेत बोट रोखून सांगितलं की मी कधीच घेतलं नाही, ऑगस्टमध्ये बंदी, वय ४०, औषध स्टॅनोझोलॉल नावाचं स्टेरॉइड. रॉबिन्सन कनो ३८ चा असताना त्याच औषधात सापडला, २०२१ चा पूर्ण सीझन गेला.

रानवारा:
डॉक, ते दोघं टेस्टमध्ये सापडले, शिक्षा भोगली, माझी तक्रारच नाही. पण बॉण्ड्सला त्या साक्षीवरून न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं होतं तेही २०१५ ला कोर्टाने रद्द केलं. आणि २०२२ ला हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधला सगळ्यात मोठा सन्मान) मतदानात शेवटच्या संधीला ६६ टक्के, लागतात ७५. त्याच दिवशी डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच वर्षी आत, ज्याने ४० व्या वर्षी ३८ होम रन मारले आणि २००३ च्या गुप्त टेस्टमध्ये सापडलेल्यांच्या यादीत ज्याचं नाव असल्याची बातमी आली होती. एकाला माफ, दुसऱ्याला नाही, हे कसं?

मीनल_डी:
त्या यादीतल्या काही निकालांबद्दल शंका होती हे लीगचे प्रमुख, कमिशनर मॅनफ्रेड यांनीच सांगितलं, आणि शिक्षेच्या टेस्ट सुरू झाल्यावर ऑर्टिझ इतकी वर्षं खेळला, कधी सापडला नाही. २००१ ला तर टेस्टच नव्हती! आणि तुम्ही सगळे बॉण्ड्सचंच बोलताय. त्याच्याच वयाचा एखादा खेळाडू, ज्याने घेतलं नाही, गुडघे दुखतात म्हणून ३५ व्या वर्षी घरी बसला, त्याच्या जागी घेणारा खेळला, त्याचं नाव आपल्याला माहीतसुद्धा नाही. मला राग त्याचा आहे.

रानवारा:
हे मान्य, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ऑगस्ट २००७ ला बॉण्ड्सने कारकिर्दीतला ७५६ वा होम रन मारून आरनचा रेकॉर्ड मोडला तेव्हा मोठ्या स्क्रीनवर खुद्द आरनने त्याचं अभिनंदन केलं. ज्याचा रेकॉर्ड गेला त्याने मन मोठं केलं.

मीनल_डी:
अभिनंदन आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं होतं. आरन स्वतः मैदानात आला नाही.