एरिसचा व्यास नेमका किती? आणि ठाण्यातून फोटो निघेल का?

घोडबंदरची_गच्ची:
एरिस या बटुग्रहाचा व्यास कुठे ३००० किमी दिलाय, कुठे २४००, कुठे २३२६. खरा कोणता? तो प्लूटोपेक्षा मोठा म्हणूनच २००६ ची, प्लूटोला ग्रहांतून वगळण्याची भानगड झाली ना? दुसरं, माझ्याकडे ८ इंची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण, गाइडिंगसह (तारा धरून ठेवणारं) माउंट आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आहे. एरिस टिपता येईल का?

विकला:
२३२६ धरा, १२ किमी इकडेतिकडे. बाकीचे आकडे चुकले ते पद्धतीमुळे. एरिस सुमारे ९६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) दूर आहे, तिथून त्याची चकती ०.०३ आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दिसते. हबललाही ती जेमतेम उमगते. त्यावरून २४०० आला, चूक १०० किमीची. ३००० आला उष्णतेच्या मोजणीतून.

नुसत्या तेजावरून तर व्यास ठरतच नाही. लहान पण लख्ख गोळा आणि मोठा पण मळकट गोळा सारखेच तेजस्वी दिसतात. पृष्ठभाग ६०% प्रकाश परत फेकतो असं धरलं तर एरिस २९०० किमीच्या पुढे जातो, ९६% धरलं तर २३२५ वर येतो. खरा आकडा ९६% च्या जवळ आहे, ताज्या बर्फासारखा.

निकाल लागला ६ नोव्हेंबर २०१० च्या पिधानात. एरिस एका ताऱ्याच्या आड आला आणि चिलीत दोन ठिकाणांहून तारा किती सेकंद गायब झाला ते मोजलं. समजा सावली सेकंदाला २५ किमी सरकते आणि तारा ४० सेकंद दिसत नाही, तर ती जीवा १००० किमीची. अशा दोन जीवा मिळाल्या की वर्तुळ बसवता येतं.

प्लूटो २३७७ किमी, म्हणजे आकाराने तोच मोठा. वजनात मात्र एरिस २७% जड. हे डिस्नोमिया या चंद्रामुळे कळलं: अंतर सुमारे ३७,००० किमी, फेरी १५.८ दिवसांची, पुढे केप्लरचं गणित.

येऊरच्या_पायथ्याशी:
फोटोचं सांगतो. एरिसची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका अंधुक) १८.७, त्यामुळे घोडबंदरच्या दिव्यांत हाल होतील. माळशेजच्या बाजूला गेलात तर बरं. ६० सेकंदांच्या ९० ते १२० फ्रेम घ्या, दर काही फ्रेमनंतर डिदर करा (दुर्बीण किंचित सरकवा), नाहीतर हॉट पिक्सेललाच (कॅमेऱ्यातल्या कायम चमकणाऱ्या ठिपक्यालाच) एरिस समजाल.

तो तिमिंगल तारकासमूहात आहे. ऑक्टोबरात प्रतियुतीला (सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला) असतो, पण आश्विन अमावस्या म्हणजे दिवाळी, हवेत फटाक्यांचा धूर. कार्तिक अमावस्या धरा, रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला ७० अंशांवर असतो. स्थान जेपीएल होरायझन्समधून (नासाच्या ऑनलाइन स्थानगणकातून) काढा.

घोडबंदरची_गच्ची:
दोन रात्रींच्या सगळ्या फ्रेम एकत्र स्टॅक केल्या (एकावर एक रचून एकच फोटो केला) तर जास्त उठून दिसेल ना?

येऊरच्या_पायथ्याशी:
उलट होईल. तारे जुळतील, पण एरिस दोन जागी अर्धा-अर्धा वाटला जाईल. प्रत्येक रात्रीचा स्टॅक वेगळा काढा, तीन दिवसांचं अंतर ठेवा आणि दोन्ही आलटून पालटून पाहा. प्रतियुतीलाही तो तासाला दीडएक आर्कसेकंदच सरकतो, तुमच्या सेटअपवर जेमतेम दोन पिक्सेल. एका रात्रीच्या दीड-दोन तासांत फरक सीइंगमध्येच (हवेच्या थरथरीने पसरणाऱ्या ठिपक्यातच) बुडतो.

विकला:
याच संथ चालीमुळे एरिसचे शोधक ब्राउन, ट्रुहियो आणि रॅबिनोविट्झ यांच्या हातूनही तो निसटला होता. पालोमार वेधशाळेच्या १.२ मीटर दुर्बिणीने २१ ऑक्टोबर २००३ ला टिपलेल्या फोटोंत तो होता, पण सॉफ्टवेअर तासाला १.५ आर्कसेकंदापेक्षा हळू चालणारं सगळं गाळत होतं, खोट्या नोंदी कमी व्हाव्यात म्हणून. सेडना हा दुसरा दूरचा पिंड तासाला १.७५ आर्कसेकंदाने सरकताना सापडल्यावर मर्यादा खाली आणून जुने फोटो पुन्हा तपासले, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये एरिस हाती लागला.