मदत हवी आहे : गलाईवाला नवरा जत्रेला दहा दिवस येतोय, दोघांचे उपचार कसे बसवायचे?

येरळाकाठ :
खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. ओळख लागू नये म्हणून गाव सांगत नाही. एका बाईंच्या अंगावरून पिवळसर पांढरं जातंय, वास येतो, ओटीपोटात दुखतं. दोनदा गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, पण दोन्ही वेळा नवरा सुट्टीवर येऊन गेल्यावर पुन्हा सुरू झालं. नवरा तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या दुकानात असतो. मध्यंतरी त्याला लघवीला जळजळ होती, तिथल्या मेडिकलमधून गोळी घेतली, आता काही त्रास नाही म्हणतो. चैत्रात जत्रेला येतोय, दहाच दिवस.
तो येईपर्यंत बाईंना थांबवू का? एचआयव्हीची तपासणी या दहा दिवसांत पक्की होईल का? आणि घरात संशयाची ठिणगी न पडता हा विषय काढायचा कसा?

समुपदेशक_कृष्णाकाठ :
ताई, बाईंना एक दिवसही थांबवू नका. वास येणारा स्राव आणि ओटीपोटात दुखणं म्हणजे संसर्ग गर्भाशयापर्यंत, नळ्यांपर्यंत गेला असण्याची शक्यता. तो राहिला तर नळ्या बंद होतात, पुढे मूल राहत नाही किंवा गर्भ नळीतच राहतो. ताप, उलट्या, पाळी चुकलेली किंवा पोटाला हात लावू न देण्याइतकी कळ असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. औषधाआधी लघवीवरची गरोदरपणाची तपासणी झालीच पाहिजे, कारण यात दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला चालत नाही.

ग्रामीण रुग्णालयात आतून तपासणी करून घ्या, नुसतं ऐकून गोळ्या नकोत. पोटदुखीसह असलेल्या संसर्गाचा कोर्स साधारण 14 दिवसांचा असतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं थांबलं की बायका गोळ्या सोडतात. कोर्समधल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळीने तोंड कडू होतं, मळमळतं, हे आधीच सांगा, म्हणजे गोळी बाधली असं वाटणार नाही.

आता नवऱ्याचं. जळजळ थांबली म्हणजे संसर्ग गेला असं नाही. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमायडिया हे संबंधांतून लागणारे दोन संसर्ग बऱ्याचदा एकत्र असतात. मेडिकलवाला देतो त्या एका गोळीने एक दबतो, दुसरा तसाच राहतो, आणि पुरुषाला काहीच जाणवत नाही. मग सुट्टीच्या पहिल्याच रात्री बरी झालेली बायको पुन्हा आजारी. तुमच्या बाईंचं दोनदा असंच झालेलं दिसतंय.

म्हणून त्याने निघण्याआधी तिथेच सरकारी रुग्णालयाच्या गुप्तरोग विभागात जावं. ही सेवा सगळ्या राज्यांत मोफत आहे. बाईंच्या केसपेपरचा फोटो त्याला पाठवला तर तिथल्या डॉक्टरांना जोडीदाराचा उपचार ठरवता येतो. दोघांचाही कोर्स संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नकोत, नाहीच जमलं तर निरोध. म्हणजे त्याचा उपचार गाडीत बसण्याच्या किमान आठवडाभर आधी झालेला हवा, आणि बाईंचे 14 दिवस व त्यावरचे सात धरून उलटं मोजायचं. तारखा आजच मांडा.

बोलण्याबद्दल. सासूसमोर, ओट्यावर नको. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात एकटीला गाठा आणि एवढंच म्हणा : "हे दुखणं एकाने गोळ्या घेऊन जात नाही, दोघांनी घ्याव्या लागतात." कुणी कुठून आणलं हा शब्दही काढू नका. ते तुम्हाला माहीत नाही आणि तपासणीतूनही कळत नाही. काही संसर्ग महिनोन्‌महिने लक्षणांशिवाय राहतात, आणि दह्यासारखा स्राव व खाज असेल तर ती बुरशी असते, तिचा बाहेरच्या संबंधांशी काही संबंध नसतो. अर्धे संसार या एका चुकीच्या वाक्याने मोडतात.

लॅबमधून :
तपासणीचं मी सांगते. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत असते, अहवाल बहुधा त्याच दिवशी. पहिलं किट पॉझिटिव्ह आलं तर त्याच नमुन्यावर आणखी दोन वेगळ्या किटने खात्री करतात, त्यामुळे एका किटवर घाबरून जायचं नाही. निगेटिव्ह आलं तर मात्र शेवटचा धोक्याचा संबंध कधी, ते बघायचं. त्याला तीन महिने झाले नसतील तर तीन महिने भरल्यावर पुन्हा तपासणी. तेव्हा तो परत तमिळनाडूत असेल, तिथेच करू द्या. धोका 72 तासांच्या आतला असेल तर वाट न बघता रुग्णालयात, 28 दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग टाळता येतो.

त्याच रक्तात व्हीडीआरएल (गरमीची, म्हणजे सिफिलिसची तपासणी) आणि हिपॅटायटिस बी करून घ्या. गरमीची जखम दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरते, आणि माणूस निर्धास्त होतो; रोग मात्र आत चालूच राहतो.

तालुक्याच्या ठिकाणी विट्यात ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर कराडचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय बघा.

येरळाकाठ :
दोघांचेही आभार. बाईंना उद्याच नेते. अजून एक, त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि त्याने बायकोला सांगितलंच नाही तर मी सांगायचं का? आणि परमुलखात औषध कसं मिळणार?

समुपदेशक_कृष्णाकाठ :
तुम्ही सांगायचं नाही. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा, लागू 10 सप्टेंबर 2018 पासून. अहवाल ज्याचा त्यालाच. समुपदेशनानंतरही तो सांगत नसेल आणि बायकोला खरोखर धोका असेल, तर त्या कायद्यानुसार डॉक्टर किंवा समुपदेशक तिला सांगू शकतात, तेही त्याला आधी कल्पना देऊन. तुम्ही दोघांनी एकत्र तपासणीला जाण्याचा आग्रह धरा. दोघांनी मिळून अहवाल ऐकला की हा पेच बहुतेक वेळा सुटतो.

एचआयव्हीचं औषध (एआरटी) देशात कुठल्याही एआरटी केंद्रात मोफत. इथे सुरू केलं तर जाताना ट्रान्सफरचं पत्र आणि पुढच्या गोळ्या हातात घेऊनच निघायचं. सामानाच्या ट्रंकेत नाही, जवळच्या पिशवीत ठेवायच्या. रोज एकच गोळी. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते बघायचं. हा लोड तपासणीत सापडण्याच्या पातळीखाली गेला आणि तसाच राहिला तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. तोवर निरोध.

बाईंनाही एआरटीची गोळी लागली तर लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तुम्हीच देत असाल, म्हणून लक्षात ठेवा : रिकाम्या पोटी एआरटीची गोळी त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. एकदम घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही.

लॅबमधून :
निरोधसोबत खोबरेल किंवा व्हॅसलीन वापरू नका म्हणून सांगा, रबर विरतं आणि फाटतं. एकावर एक दोन घातले तरी फाटतात. तांबी असेल तर मूल राहणार नाही, संसर्ग मात्र अडत नाही, हे बाईंना वेगळं सांगा. अडलं तर 1097 वर मराठीत विचारता येतं, नाव न सांगता.