गच्चीवरचा दिवा बंद ठेवण्याबाबत
(सोसायटीचा ग्रुप, विलेपार्ले, १६ ऑक्टोबर २०२४)

सेक्रेटरी, ४:१० : आज कोजागरी. दूध रात्री ९ वाजता गच्चीवर. ग्लास ज्याचा त्याने आणावा, कागदी कप मिळणार नाहीत.

बी-७०३, ४:१८ : काका, एक विनंती. पावणेसात ते साडेसात गच्चीवरचा हॅलोजन बंद ठेवाल का? त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू दिसतोय. काल ढगांनी घात केला.

ए-२०१ काकू, ४:२५ : अगं, ते शेंडेनक्षत्र ना? सणासुदीला कशाला बघायचं ते!

बी-७०३ : काकू, तो १२ तारखेलाच पृथ्वीच्या सगळ्यात जवळून गेला, ७ कोटी किलोमीटरवरून. काय व्हायचं ते होऊन गेलं 😄

सी-३०२ : नाव कसलं हे, जीभ वळत नाही.

बी-७०३ : चीनची वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतली ॲटलास दुर्बीण, दोघांनी २०२३ मध्ये वेगवेगळा शोधला. म्हणून जोडनाव. त्सुचिनशान म्हणजे जांभळा डोंगर.

ए-५०४ काका : १९९७ चा हेल-बॉप याच गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघितलाय. तेव्हा समोरचा टॉवर नव्हता. ८६ च्या हॅलीसाठी मात्र पहाटे उठून काय बघितलं, तर एक पुसट डाग आणि पायाला चावलेले डास.

सेक्रेटरी : अंधारात कोणी पाइपला अडखळून पडलं तर मलाच बोलणी बसतील. मोबाइलचे टॉर्च लावा.

बी-७०३ : टॉर्च नको हो! डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, एक टॉर्च मारला की सगळं मुसळ केरात. मी टॉर्चला लाल जिलेटीन लावून आणते.

सी-३०२ : पण पौर्णिमेला दिसेल का?

बी-७०३ : चंद्र पूर्वेला उगवणार, हा पश्चिमेला. चंद्र वर चढेपर्यंत आपलं राज्य. आणि चंद्राला काय नावं ठेवायची, जुहूकडचं आकाश रोजच उजळलेलं असतं.

सूर्यास्त सव्वासहाचा. पावणेसातला पश्चिमेला शुक्र, तो चुकायचा नाही. त्याच्या उजवीकडे खालच्या अंगाला नारिंगी स्वाती. धूमकेतू दोघांच्या मध्ये, पण बराच वर. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश. क्षितिजापासून अडीच मुठी मोजा. दुर्बीण आधी शुक्रावर फोकस करायची, मग फोकसला हात न लावता हळूहळू वर. शेपूट आकाशाकडे असेल, कारण ती नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते, धूमकेतू कुठेही चाललेला असो.

सेक्रेटरी : ठीक. साडेसात म्हणजे साडेसात.

डी-१०१, ६:५८ : दिसला!! केवढा तेजस्वी! सरकतोय पण!

बी-७०३ : ते विमान आहे.

ए-५०४ काका, ७:०९ : मिळाला. कापूस पिंजून वर ओढावा तसा. दुर्बीण खाली घेतली की गायब.

बी-७०३ : त्याच्यावरच नजर रोखू नका काका, जरा बाजूला बघा. अंधुक वस्तू तिरक्या नजरेला चांगली कळते.

सी-३०२, ७:१५ : मोबाइलवर आला! कठड्यावर टेकवून नाइट मोड, ३ सेकंद. डोळ्यांपेक्षा फोटोत शेपूट लांब आलीय.

सेक्रेटरी, ७:२१ : हॅलोजन कोणी लावला?

डी-१०१ : सॉरी, चप्पल सापडत नव्हती.

ए-२०१ काकू : बंद करा आधी तो दिवा! माझा नंबर आत्ता आलाय.

सेक्रेटरी : काकू, तुम्ही वर?? सणासुदीला?

ए-२०१ काकू : दुधात घालायला वेलची घेऊन आले होते.

सी-३०२, ७:३४ : परत कधी येणार हा?

बी-७०३ : बहुधा कधीच नाही. पण शनी आहे. ९ वाजता आग्नेयेला उंचावर, माझी ७० मिलिमीटरची दुर्बीण लावून ठेवते. कडं सध्या सुईसारखं बारीक दिसतंय, मार्चमध्ये तर आपल्याकडे धार करून उभं राहणार. अमावस्येला वांगणीला कोण येतंय? तिथलं आकाश बघितलं की पार्ल्याचं विसराल.

ए-५०४ काका : गुडघे म्हणाले तर मी.

सेक्रेटरी, ९:४० : दुधाच्या पातेल्यात लाल जिलेटीनचा तुकडा सापडला आहे. ज्याचा असेल त्याने घेऊन जावा.