फेला कुटीची लांबलचक गाणी: राजकारण की हट्ट?

तालवेडा:
नायजेरियाचा गायक-संगीतकार फेला अनिकुलापो कुटी (१९३८-१९९७) याचा विषय निघाला की बोलणं त्याच्या अटका, लष्कराचा हल्ला आणि २७ बायका यांवरच येऊन थांबतं. माझ्या मते त्याची सगळ्यात ठाम राजकीय भूमिका गाण्याच्या लांबीत आहे, आणि त्यावर कोणी धड बोलत नाही.

रचना कशी उभी राहते ते बघा. टेनर गिटार एक छोटी, वळसा घेणारी ओळ धरते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. दुसरी गिटार तिच्या मोकळ्या जागांत खरवडत राहते. बास मुद्दाम तुटक, मध्ये श्वास सोडून. त्यावर शेकेरे, म्हणजे मण्यांची जाळी घातलेला भोपळा, लाकडी काठ्या आणि कोंगा. ड्रम्सवर टोनी ॲलन: हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, उघडत-मिटवत, आणि पायाने वाजवायचा किक ड्रम दर वेळी समेवर न आपटता आडवातिडवा पेरत. मग ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं, मग सोलो. ‘झॉम्बी’ (१९७६) साडेबारा मिनिटांच्या आसपास आहे आणि गाणारा आवाज येतो पाचेक मिनिटांनी. तोवर ठेका अंगात भिनलेला असतो. हुकूम मिळेल तसं चालणाऱ्या सैनिकांवरचे शब्द येतात तेव्हा ऐकणारा कोरसमध्ये सामीलच झालेला असतो.

आता धंद्याची बाजू. ४५ आरपीएमच्या छोट्या तबकडीवर एका बाजूला चार-पाच मिनिटं मावतात. १२ इंची मोठ्या तबकडीवर, म्हणजे एलपीवर, वीस-बावीस. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा दाटीने आणि उथळ कापाव्या लागतात, आवाज उतरतो, आणि पहिला मार बसतो बासला. फेलाने एलपीची अख्खी बाजू एका गाण्याला दिली आणि तीही पुरली नाही तर तबकडी उलटायला लावली. ‘अननोन सोल्जर’ (१९७९) दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाचं आहे. रेडिओच्या मापात तो बसला नाही, कारण त्याला बसायचंच नव्हतं.

रानजाई:
तालवेडा, रचनेबद्दल तुम्ही लिहिलंय ते चोख आहे, पण निष्कर्ष पटत नाही. लांबी आली नाचघरातून. साठच्या दशकात कूला लोबिटोस हा त्याचा बँड हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत) आणि जॅझ यांचं मिश्रण वाजवायचा तेव्हा गाणी आटोपशीरच होती. पुढे जेम्स ब्राऊनचा फंक कानावर पडला आणि लेगॉसच्या क्लबात रात्रभर नाचणारी गर्दी समोर होती. अशा ठिकाणी ठेका तीन मिनिटांत कोणीही बंद करणार नाही.

राजकारण आलं ते घरातून आणि अमेरिकेतून. आई फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांनी अबेओकुटातल्या बाजारकरणींना संघटित करून बायकांवरच्या कराविरुद्ध असा लढा दिला की १९४९ साली तिथल्या राजाला, अलाके ॲडेमोला यांना, गादी सोडावी लागली. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये सँड्रा स्मिथ, म्हणजे पुढच्या सँड्रा इझिडोर, यांनी त्याची ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेच्या विचारांशी गाठ घालून दिली, माल्कम एक्सचं आत्मचरित्र वाचायला दिलं. तिथून त्याचे शब्द बदलले.

आणि सैन्य शब्दांमुळे आलं. १८ फेब्रुवारी १९७७ ला सुमारे हजार सैनिकांनी त्याची वसाहत, ‘कालाकुटा रिपब्लिक’, वेढून जाळली. शहात्तर वर्षांच्या आईला खिडकीतून खाली फेकलं. एप्रिल १९७८ मध्ये त्या गेल्या. सरकारी चौकशीने खापर फोडलं ‘अज्ञात सैनिका’वर, तेच ‘अननोन सोल्जर’. ‘झॉम्बी’ साडेबाराऐवजी चार मिनिटांचं असतं तरी हेच झालं असतं.

माझ्या लेखी मोठा निर्णय भाषेचा. योरुबात गायला असता तर नैऋत्य नायजेरियापुरता राहिला असता. त्याने बाजारातली पिजिन, म्हणजे स्थानिक भाषांत मिसळलेली सोपी, इंग्रजी धरली आणि घानापर्यंत समजला. १९७८ साली आक्रात ‘झॉम्बी’ चालू असताना दंगल उसळली आणि घानाने त्याच्यावर बंदी घातली. त्याच ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि त्याच वर्षी आलेल्या ढसाळांच्या ‘गोलपिठा’तही स्फोट भाषेचाच होता.

तालवेडा:
भाषेचं महत्त्व मी नाकारत नाही. पण नुसते शब्द पुरत असते तर १९८५ साली जे झालं ते फसलं नसतं.

सप्टेंबर १९८४ मध्ये अमेरिका दौऱ्यावर निघताना लेगॉस विमानतळावर फेलाला धरलं. आरोप चलन बाहेर नेल्याचा, रक्कम सुमारे १,६०० पौंड. बुहारींच्या लष्करी राजवटीत पाच वर्षांची शिक्षा झाली आणि वीसेक महिने तुरुंगात गेले. अॅम्नेस्टीने त्याला विवेककैदी, म्हणजे मतांमुळे तुरुंगात टाकलेला माणूस, मानलं. तो आत असताना ‘आर्मी अरेंजमेंट’ची परदेशी आवृत्ती निघाली. निर्माता बिल लासवेलने मूळ ध्वनिफितीत काटछाट केली, वर स्लाय डनबरचे ड्रम आणि बर्नी वॉरेलचा कीबोर्ड चढवला. फेलाला ती अजिबात रुचली नाही.

बिघडलं काय? शब्द तेच: तेलाच्या पैशातले २.८ अब्ज नायरा गायब झाल्याचा आरोप, १९७९ च्या निवडणुकीत लष्कराने जुळवून आणलेली व्यवस्था. पण मूळ ड्रम आणि गिटार एकमेकांच्या फटीत बसवलेले होते. त्यावर सरळ ठोकणारा ताल आला की फटी बुजतात. आणि वाट बघायला लावणारा भाग कापला की आरोप नुसती घोषणा होतो. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐका.

चौथी मात्रा:
तुम्ही दोघं फेलाच्या बाजूनेच भांडताय. अर्धा तास तीच ओळ वाजवणाऱ्या गिटारवाल्याला काय मिळायचं, हे कोणी विचारत नाही.

प्रत्येक वाद्याची ओळ फेला स्वतः ठरवायचा. फक्त ॲलनला मोकळीक होती. मॅक्स रोच आणि आर्ट ब्लेकी हे जॅझ ड्रमर ऐकून त्याने हाय-हॅटची भाषा कमावली होती. इतका वाटा असूनही पैशांवरून खटके उडत राहिले. १९७८ च्या बर्लिन जॅझ महोत्सवानंतर, मिळालेली बिदागी फेलाच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात जाणार असा संशय आला आणि बरेच वादक बाहेर पडले. पाठोपाठ ॲलनही गेला. १९७९ च्या निवडणुकीत फेलाच्या ‘मूव्हमेंट ऑफ द पीपल’ या पक्षाला उभंच राहू दिलं नाही. पक्ष गेला, बँडही फुटला. शोषणावर गाणाऱ्याच्या बँडमध्ये मजुरीवरून फूट पडते, तर तो त्याच्या राजकारणाचाच भाग धरायला हवा.

बायकांचंही तसंच. फेब्रुवारी १९७८ मध्ये एकाच समारंभात २७ जणींशी लग्न, बहुतेक त्याच्याच गायिका आणि नर्तिका. अर्धं गाणं त्यांच्या कोरसच्या उत्तरावर उभं असतं. ‘लेडी’ (१९७२) मध्ये मात्र बरोबरी मागणाऱ्या बाईची टिंगल. तीही फुन्मिलायोंच्या मुलाने!

रानजाई:
चौथी मात्रा, ‘लेडी’बद्दल शंभर टक्के सहमत. ते गाणं सावरून घेण्यात अर्थ नाही. पण लग्नाबद्दल एवढं जोडते: हल्ल्यात या बायकांना मारहाण आणि बलात्कार सोसावे लागले होते, आणि बाहेर त्यांना ‘पळवून आणलेल्या’, ‘वेश्या’ म्हटलं जात होतं. लग्नाने त्यांना समाजात नाव मिळावं, हा त्या निर्णयाचा एक भाग होता. तेवढ्याने तो निर्णय बरोबर ठरतो असं मी म्हणत नाही. १९८६ मध्ये सुटून आल्यावर त्याने स्वतःच ती लग्नं मोडली.

चौथी मात्रा:
नाव मिळायला २७ जणींचा नवरा एकच कशाला लागतो? पगार आणि तबकडीवर श्रेय देऊनही नाव मिळतं.

तालवेडा:
मजुरीचा मुद्दा मान्य, माझ्या मांडणीत तो सुटला होता. लांबीचा मात्र सोडत नाही. नव्याने ऐकणाऱ्यांसाठी क्रम सुचवतो: आधी ‘जंटलमन’ (१९७३), त्यात टेनर सॅक्स फेलाचाच, कारण त्याचा सॅक्सवादक इगो चिको बँड सोडून गेला होता. मग ‘झॉम्बी’, शेवटी ‘अननोन सोल्जर’. फोनच्या स्पीकरवर नको, बास हरवतो. पहिल्या फेरीत फक्त टेनर गिटार धरा, दुसरीत हाय-हॅट, शब्द तिसरीत.

रानजाई:
शब्द तिसऱ्या फेरीत? मी उलट सांगेन, पिजिनमधले शब्द आधी वाचा, मग ऐका. आणि यादीत ‘अपसाइड डाउन’ (१९७६) घाला. त्यात मुख्य आवाज सँड्रा इझिडोर यांचा आहे, आणि फेलाच्या तबकड्यांत अशी जागा बाईला क्वचितच मिळाली.