अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातील मुलाने कुठे जावे?

रामबागकर
मी चार वर्षांपासून दर रविवारी इंदूरच्या एका बालगृहात गणित शिकवते. तिथला एक अनाथ मुलगा ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा होईल. नुकताच बारावी झालेल्या या मुलाला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घ्यायचे आहे. परंतु वाढदिवसानंतर संस्था सोडावी लागेल, एवढेच त्याला सांगण्यात आले आहे. "मग मी झोपायचे कुठे?" असे त्याने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. शासनाकडून काही सोय होऊ शकते का?

राजेंद्रनगर_निवृत्त
ताई, संस्था सोडावी लागली, तरी शासनाची जबाबदारी तिथे संपत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील कलम ४६ अशाच मुलांना मिळणाऱ्या आर्थिक साहाय्याविषयी आहे. ही पश्चात देखभाल, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार ('आफ्टर केअर'), एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत मिळू शकते. मध्य प्रदेशात त्यासाठी २०२२ पासून मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे. मात्र याच योजनेच्या दुसऱ्या भागात नातेवाइकांकडे राहणाऱ्या, अठरा वर्षांखालील अनाथ मुलांना दरमहा ४००० रुपये मिळतात, आणि अनेकांना तेवढाच भाग ठाऊक असतो. म्हणून महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात 'आफ्टर केअर' असे स्पष्ट सांगावे. अर्जासाठी ऑगस्टची वाट पाहू नका. तिथे दाद लागली नाही, तर मंगळवारी कलेक्टर कार्यालयातील जनसुनवाईत, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत, लेखी अर्ज द्या.

सुदामानगर_२७
मी स्वतः बालगृहात वाढलो आहे, म्हणून आग्रहाने लिहितो. मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या आधारला अधीक्षकांचा मोबाइल क्रमांक जोडलेला होता. प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर जात असे, आणि त्यांची बदली झाल्यावर माझे बँकेचे काम अडून बसले. त्याच्या नावाचे सिम घेऊन तो क्रमांक आताच आधारला आणि खात्याला जोडून घ्या. समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा रहिवासी ओळख क्रमांक) आणि मूल निवासी (अधिवास) प्रमाणपत्रही संस्थेत असतानाच तयार करून घ्या, कारण नंतर पत्ता कुठला लिहायचा, हाच प्रश्न उभा राहतो. आयटीआय पूर्ण झाल्यावर राज्य शासनाच्या सीखो कमाओ या कामावर प्रशिक्षण देणाऱ्या योजनेत दरमहा ८५०० रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे; तिचाही विचार त्याने करावा.

रामबागकर
काका, दादा, मनापासून आभार. मोबाइल क्रमांकाची बाब माझ्या ध्यानीमनीही नव्हती; शनिवारी त्याला आधार केंद्रात घेऊन जाते. त्याचा नंदानगरच्या शासकीय आयटीआयमध्ये अर्ज करण्याचा विचार आहे. परदेशीपुऱ्याच्या आसपास, वडिलांचे नाव न विचारता मुलाला खोली देईल असे एखादे कुटुंब कुणाच्या परिचयाचे असल्यास कृपया कळवावे. हमीदार म्हणून मी सही करीन.