हॉटस्पॉटवाल्यांनो, 'सवयीचे गुलाम' कोणाला म्हणता?

उंबरठा
परवा 'निवांत' यांनी इथे जाहीर केलं की त्यांनी घरचं ब्रॉडबँड काढून टाकलं, आता सगळं फोनच्या डेटावर, आणि अजून वायरला चिकटलेले लोक म्हणजे 'सवयीचे गुलाम'. एका ओळीत उत्तर देऊन सोडणार होतो. पण तो शब्द डोक्यात गेला.

मी सात महिने हा प्रयोग केलाय. घरात चार माणसं, नेट माझ्या फोनात. मी उठून बाहेर गेलो की घराचं नेट माझ्या खिशातून बाहेर. मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू होती, मी विसरून जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तोच वरून हाक, "बाबा, गेलं!" चप्पल तिथेच टाकून वर पळालो. ती रडत नव्हती, नुसती बघत होती. ते जास्त लागलं.

शिवाय फोन जुना, व्होल्टे (फोरजीवरूनच कॉल घ्यायची सोय) नसलेला. कुणाचा कॉल आला की फोरजीवरून खाली घसरायचा आणि घरभर सगळ्यांचं चाक फिरत बसायचं. तर गुलाम तर गुलाम.

निवांत
मी एकटा राहतो, हे माझ्या त्या पोस्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. ते सोडून बाकी सगळं वाचलंत.

आणि वायर म्हणजे 'माझी स्वतंत्र लाइन' हा वायरवाल्यांचा गोड गैरसमज आहे. साध्या जीपॉन (एकच तार अनेक घरांत वाटायची पद्धत) फायबरवर खाली येणारे सेकंदाला साधारण २.५ गिगाबिट असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. टॉवर वाटून घेतो म्हणून नाकं मुरडायची आणि फायबरही वाटलेलंच. ब्रॉडबँड बंद पडलं की तक्रार करून वाट बघत बसा. माझं सिम गेलं तर दुसरं सिम आहे.

रात्रपाळी
वाटलेलं आहे, मान्य. पण काचेच्या तारेला शेजारच्या इमारतीची भिंत आडवी येत नाही. फाइव्हजीच्या लहरींचा ३.५ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीत दमतो. ७०० मेगाहर्ट्झ आत शिरतो, पण तो पट्टा अरुंद, मग वेग कुठून आणणार?

आणि स्पीड टेस्टचे आकडे दाखवू नका. खरा त्रास लॅगचा. मी रात्री कॉलवर असतो. पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांवर असतं, कुणीतरी मोठी फाइल चढवायला घेतली की ४०० वर जातं आणि पलीकडचा माणूस माझं अर्धं वाक्य ऐकून उत्तर देतो.

मुळाक्षर
स्पीड टेस्टचा विषय निघालाच आहे तर. १०० एमबीपीएस म्हणजे १०० मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठाने भागा, १२.५ मेगाबाइट. दर महिन्याला कुणीतरी "१०० चा प्लॅन आहे, डाउनलोड १२ नेच होतंय, फसवलं" म्हणून येतं. कंटाळा आलाय.

उंबरठा
हे कुणी विचारलं होतं?

मुळाक्षर
विचारावं लागत नाही. दिसतं.

काटकसरी
सगळे उगाच भांडताय. जुना फोन घ्या, त्यात सिम टाका, खिडकीत ठेवा, चार्जर लावून ठेवा, हॉटस्पॉट कायम चालू. बाबा बाहेर गेले तरी नेट घरात. मी वर्षभर असंच करतोय.

रात्रपाळी
वर्षभर चार्जरवर? खिडकीत, म्हणजे उन्हात? बॅटरी फुगली नाही अजून?

काटकसरी
फोन हुशार असतो. शंभर टक्के झालं की चार्जिंग थांबवतो.

रात्रपाळी
थांबवतो, पण सेल तसाच पूर्ण भरलेला राहतो. थोडा उतरला की पुन्हा भरतो. लिथियम आयन सेलला पूर्ण चार्ज आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र अजिबात सोसत नाहीत. आतलं इलेक्ट्रोलाइट कुजतं, वायू तयार होतो, पाकीट फुगतं. हॉटस्पॉट चालू म्हणजे फोन आधीच गरम. आमच्याकडचा एक फोन टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरायचा. आम्ही आठवडाभर हसलो. मग एके सकाळी स्क्रीन एका बाजूने उचललेली.

काटकसरी
तुमचा फोनच वाईट असणार.

रात्रपाळी
अहो, रसायन आहे ते. फोनच्या स्वभावाचा प्रश्न नाही.

निवांत
८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते नव्या फोनांत.

रात्रपाळी
नव्या. हे जुना फोन म्हणाले. इथे वाचून उत्तर द्यायची पद्धत बंद झालीय का?

उंबरठा
एक मिनिट, माझा मुद्दा बॅटरीचा नव्हता. घरी कॅमेरा आहे, आई एकटी असते. तो बाहेरून बघायचा तर हॉटस्पॉटवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडताच आलं नाही. नेटवरचा बाहेरचा पत्ता (आयपी) माझा एकट्याचा नव्हताच, १०० ६४ असलं काहीतरी.

निवांत
१००.६४ ने सुरू होणारा पत्त्यांचा पट्टा. शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवतात. ब्रॉडबँडवालेही तेच करतात हो, तपासा तुमच्या राउटरमध्ये.

उंबरठा
तपासलं. तेच आहे. (कॅमेरा त्याच्या कंपनीच्या ॲपमधूनच चालतोय, म्हणून कळलं नव्हतं.)

निवांत
धन्यवाद. एकटा माणूस, भिंत पातळ, टॉवर जवळ, मोठ्या फाइली नाहीत, तर डेटा पुरतो. चार माणसांच्या घराला वायर लागते. 'गुलाम' मागे घेतो. बाकी एक अक्षरही नाही.

मुळाक्षर
'बाकी एक अक्षरही नाही' म्हणून दोन शहाणे घरी गेले. बिट आणि बाइटचं मात्र कुणी मान्य केलं नाही.

काटकसरी
समजा फुगली, तर फेकायची कुठे? कचऱ्यात?

रात्रपाळी
कचऱ्यात नाही. दाबू नका, टोचू नका, चार्जर आधी काढा. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि सिमच हवं असेल तर बिनबॅटरीचा, सिम घालायचा राउटर मिळतो, तो घ्या.

काटकसरी
आत्ता जाऊन पाहिलं. मागच्या झाकणाच्या एका कोपऱ्यात नख जातंय.